तीन बोटं

अर्जात विचारलं होतं, उपकरणं कोणती?
मी लिहिलं : टॉर्च चार, लाकडी पट्ट्यांचे पुडे, हातमोजे,
आणि बोटं, ज्याची त्याची, तीन.
फैरोझा म्हणाली, बोटं खोड, मस्करी वाटेल त्यांना.
खोडली.
चारशे दिनार मंजूर झाले, दोन हप्त्यांत.

शुक्रवारी जुम्म्यानंतर सल्माबादला
मुकादमांच्या व्हॅनमधून उतरतो आम्ही.
एरवी मी मनामात, दातांच्या दवाखान्यात,
लाळ ओढायची नळी धरते.
अठरा वर्षं झाली. माणूस मला आधी टाळ्यापासून दिसतो,
चेहरा मागाहून.

कॅम्पचं अंगण. एसीचं पाणी टपटपतंय,
त्याखाली कुणी तेलाच्या डब्यात पुदिना लावलाय.
पहिली दहा मिनिटं कुणीच पुढे येत नाही.

कसं येतील?
घरून निघताना आई म्हणालेली, परमुलखात तोंड सांभाळ.
एजंट म्हणालेला, तोंड उघडलंस तर पुढच्या विमानाने परत.
फोरमनचं तर रोजचंच.
आणि आता ही कोण बाई म्हणते,
आ करा. अजून. अजून थोडा.

उभी तीन बोटं, वरच्या-खालच्या दातांमध्ये.
मावली तर बरं. बस, एवढंच.
तेलंगणाचा एक पोरगा चार घालून दाखवतो,
शिट्ट्या पडतात, रांग लागते.

सहदेव धाडवे, क्रेनवाला, चिपळूणकडचा,
दोन बोटांवर अडतो.
पुन्हा करतो.
दोन.
"मला वाटलं, वय झालं," म्हणतो.
"आधी भाकरी दुमडून खायचो, आता चुरून खातो.
बायकोला सांगितलं, इथलं पीठच वातड."
हात खिशावर. खिशात पुडी.
रात्रपाळीला, साठ मीटर वर, काचेच्या खोक्यात एकटा,
डोळा लागू नये म्हणून सुपारी.
त्याला मी काय सांगणार होते?
टॉर्च मारली.
गालाच्या आत पांढरं, भिंतीवर चुना सुकावा तसं ताणलेलं,
आणि मागे कोपऱ्यात एक लाल ठिपका
जो मला आवडला नाही.

तुकडा काढून तपासावा लागेल, म्हटलं.
कॅन्सर का, असं त्याने विचारलंच नाही.
विचारलं, खाडा पडेल का?

रात्री फैरोझाच्या स्वयंपाकघरात आम्ही पाच जण,
मधे चहा आणि नियमांचा कागद.
कलम सात : एकट्या माणसाच्या उपचाराला पैसे नाहीत.
पोस्टरला मात्र नव्वद दिनार,
चार भाषा, गुळगुळीत कागद.
मुकादम चष्मा पुसत राहिले बराच वेळ.
मग म्हणाले, उपचार नकोच लिहू. रस्ता लिही.
लिहिलं :
टॅक्सी, जाऊन-येऊन, दोनदा.
खाडे दोन, भरून दिले.
दुभाषी : मी. शून्य.
पोस्टर छापले नाहीत. कारण सोबत जोडलं आहे.

त्याला अजून उत्तर नाही. दुसरा हप्ता अडकलाय.
फॉर्ममध्ये विचारलंय, किती जणांपर्यंत पोहोचलात?
एकशे बारा, असं मी भरलं,
आणि पोहोचणं म्हणजे नेमकं कुठपर्यंत
याला रकाना सापडला नाही.

तुकड्याचा रिपोर्ट मंगळवारी यायचा आहे.
उरलेल्या लाकडी पट्ट्या मी सहदेवला दिल्यात.
एकीवर एक रचून दातांत धरायच्या,
जबडा सैल होतो, हळूहळू, दुखतंही.
आठवड्याला एक वाढवायची.
पुडी सोडली का, विचारत नाही मी दरवेळी.
दर दुसऱ्या वेळी विचारते.

काल रात्री दोनला त्याचा फोटो आला,
बहुतेक वरून, क्रेनमधून,
मागे शहराचे दिवे पुसट.
डोळे नाहीत, कपाळ नाही,
नुसतं उघडं तोंड, त्यात पट्ट्या.
मी झूम करून मोजल्या.
अकरा.